हशा, टाळ्या आणि ट्रेडमिल!

मंडळी, विनोदवीर काय करतो? हसवतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. पण अमेरिकेत एक पठ्ठ्या असा निघाला, की त्यानं निवडणूक आयोगात अर्ज ठोकला, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, हंगेरीतल्या पुलाचं मतदान गाजवलं आणि आपलं नाव थेट अंतराळात पोहोचवलं. त्याचं नाव स्टीफन कोल्बेर. सीट बेल्ट बांधा, ही राइड सुपरफास्ट आहे!

टी सायलेंट, माणूस नाही!

माहीत आहे का? कोल्बेरच्या आडनावाच्या शेवटी 'टी' लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. १७ ऑक्टोबर २००५ ला त्याचा स्वतःचा शो 'कॉमेडी सेंट्रल' चॅनेलवर सुरू झाला. नाव 'द कोल्बेर रिपोर'. म्हणजे 'रिपोर्ट'मधला टीसुद्धा गायब! टी गिळला, पण टीका मात्र एकही गिळली नाही. हा शो १८ डिसेंबर २०१४ पर्यंत चालला आणि त्याचे १,४४७ एपिसोड झाले.

नऊ वर्षं एकच सोंग

या शोमध्ये तो एका आक्रस्ताळ्या, छातीठोक, स्वतःवर बेहद्द खूश असलेल्या उजव्या विचारांच्या टीव्ही अँकरची भूमिका करायचा. फॉक्स न्यूजचा स्टार बिल ओ'रायली हा या सोंगाचा मुख्य नमुना. गंमत ऐका! जानेवारी २००७ मध्ये असली आणि नकली एकाच दिवशी एकमेकांच्या शोमध्ये पाहुणे म्हणून गेले. ज्याची नक्कल, त्याच्याच समोर बसून नक्कल. याला म्हणतात कॉन्फिडन्स!

अकरावं रत्न

माहीत आहे का? कोल्बेर अकरा भावंडांतलं शेंडेफळ आहे. जन्म १३ मे १९६४ चा, वॉशिंग्टनमधला. लहानपण साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनजवळ गेलं. लहानपणीच्या एका शस्त्रक्रियेपासून त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. पण राजकारण्यांच्या वाक्यातली मेख त्याला एका कानानंही बरोबर ऐकू येते!

एक पान जड मनानं

११ सप्टेंबर १९७४. कोल्बेर दहा वर्षांचा होता. त्या दिवशी शार्लटजवळ झालेल्या विमान अपघातात त्याचे वडील आणि दोन थोरले भाऊ गेले. थोरली भावंडं घराबाहेर पडलेली. मग घरात उरले बहुतेक वेळ तो आणि त्याची आई. दुःखाबद्दल हा माणूस मुलाखतींमध्ये आजही अगदी मोकळेपणानं बोलतो, आणि समोरच्यालाही बोलतं करतो.

पहिल्याच दिवशी सिक्सर

चला, पुन्हा गिअर टाकू! पहिल्याच एपिसोडमध्ये त्यानं 'ट्रुथीनेस' हा शब्द सोडला. पुरावा असो-नसो, पोटातून खरं वाटतं म्हणून जे खरं मानायचं, ते ट्रुथीनेस. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीनं तो २००५ चा वर्षाचा शब्द ठरवला आणि पुढच्या वर्षी मेरियम-वेबस्टर या शब्दकोशवाल्यांनीही त्यालाच मान दिला. एका खोट्या अँकरनं खऱ्या शब्दकोशवाल्यांना कामाला लावलं!

राष्ट्राध्यक्षांसमोर रोस्ट

तारीख २९ एप्रिल २००६. व्हाइट हाउसच्या वार्ताहरांचं वार्षिक जेवण. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश व्यासपीठावर, काही खुर्च्या सोडून कोल्बेर. आणि पठ्ठ्या सोंग न सोडता, बुश यांचा परमभक्त असल्याचा आव आणून, एकामागून एक चिमटे काढत गेला. इराक युद्ध झालं, घसरलेली लोकप्रियता झाली, आणि प्रश्न न विचारणारे पत्रकारही त्यातून सुटले नाहीत. ते तर समोरच टक्सिडो घालून बसलेले! हॉलमध्ये हशा बेताचाच. पण व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि वणव्यासारखा पसरला.

माहीत आहे का, पुढच्या वर्षी त्याच जेवणाला कोणाला बोलावलं? रिच लिटल नावाच्या बुजुर्ग नकलाकाराला. अगदी सेफ चॉइस. धसका म्हणतात तो हाच!

तीन आज्ञा, बाकी राम राम

'आपला मतदारसंघ ओळखा' अशा धाटणीचं त्याचं एक सदर होतं. एकेका खासदाराला समोर बसवायचं आणि सरळ चेहऱ्यानं फिरकी घ्यायची. जॉर्जियाचे खासदार लिन वेस्टमोरलंड बायबलमधल्या दहा आज्ञा संसदेत लावण्याच्या विधेयकाचे पुरस्कर्ते. कोल्बेरनं साधा प्रश्न टाकला, त्या दहा आज्ञा सांगता का? त्यांना तीनच आठवल्या! कॅमेरा चालू, घड्याळ चालू, खासदार बंद.

२००७ मध्ये डेमोक्रॅट नेते राम इमॅन्युएल यांनी नव्या खासदारांना सल्लाच देऊन टाकला, की या शोपासून चार हात लांब राहा.

पण लांब राहिलात, तर घाटा!

कारण 'कोल्बेर बम्प'! माझ्या शोमध्ये या, तुमचं नशीब फळफळेल, असा त्याचा दावा असायचा. कॅलिफोर्नियातले राज्यशास्त्रज्ञ जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये हा दावा चक्क तपासला. निकाल काय? शोमध्ये आलेल्या डेमोक्रॅट उमेदवारांच्या देणग्या पुढच्या महिनाभरात सुमारे ४४ टक्क्यांनी वाढल्या. रिपब्लिकन उमेदवारांना मात्र असा लाभ दिसला नाही. बम्पर ऑफर, पण अटी लागू!

हत्ती झाले तिप्पट

माहीत आहे का? जुलै २००६ मध्ये त्यानं प्रेक्षकांना सांगितलं, विकिपीडियावर जा आणि लिहा की आफ्रिकेतल्या हत्तींची संख्या सहा महिन्यांत तिप्पट झाली. पुरेशा लोकांनी मान्य केलं की झालं ते सत्य! प्रेक्षक तुटून पडले आणि विकिपीडियाला हत्तींच्या पानांना कुलपं लावावी लागली. चेष्टेच्या पोटात केवढा गंभीर इशारा होता, ते आज व्हॉट्सॲपच्या जमान्यात आपल्याला पुरतं कळतं.

पूल हवा? मग आधी मरा!

हंगेरीत बुडापेस्टजवळ डॅन्यूब नदीवर नवा पूल होणार होता. सरकारनं नावासाठी ऑनलाइन मतदान घेतलं. एका टप्प्यावर आघाडीवर कोण, तर ॲक्शन हीरो चक नॉरिस! मग कोल्बेरनं आपली फौज सोडली. पहिल्या फेरीत त्याच्या नावावर सुमारे १ कोटी ७० लाख मतं पडली. हंगेरीची लोकसंख्या किती? साधारण १ कोटी. देशापेक्षा मतं जास्त!

शेवटी अमेरिकेतले हंगेरीचे राजदूत स्वतः शोमध्ये आले. हसत हसत अभिनंदन केलं आणि अटी सांगितल्या. पुलाला नाव हवं तर हंगेरियन भाषा अस्खलित यायला हवी. ठीक. आणि दुसरी अट? तुम्ही हयात नसायला हवं. पुलाचं नाव आज 'मेज्येरी' आहे. कोल्बेर ठणठणीत आहे. सौदा वाईट नाही!

आता अंतराळ. सुनीता विल्यम्स येतायत!

हा या यादीतला माझा सगळ्यात लाडका किस्सा. २००९ मध्ये नासानं अंतराळ स्थानकाच्या नव्या कक्षासाठी लोकांकडून नाव मागवलं. नासाचे स्वतःचे पर्याय होते शांत, सुसंस्कृत. सेरेनिटी, लेगसी वगैरे. कोल्बेरनं प्रेक्षकांना सांगितलं, माझं नाव लिहा. मतं पडली २,३०,५३९. पहिला नंबर!

आता नासा काय करणार? अपोलो ११ च्या चांद्रविजयाला ४० वर्षं होत होती, म्हणून ते यान चंद्रावर जिथे उतरलं, त्या जागेवरून कक्षाला 'ट्रँक्विलिटी' हे नाव दिलं. पण कोल्बेरलाही नाराज केलं नाही. ही बातमी द्यायला त्याच्या शोमध्ये कोण आलं, माहीत आहे का? आपल्या सगळ्यांच्या लाडक्या अंतराळवीर सुनीता विल्यम्स! त्यांनी जाहीर केलं की त्या कक्षात अंतराळवीरांच्या व्यायामासाठी जे ट्रेडमिल बसणार आहे, त्याचं नाव 'कोल्बेर'. आणि त्यासाठी फुल फॉर्मसुद्धा शोधला होता. कंबाइन्ड ऑपरेशनल लोड बेअरिंग एक्स्टर्नल रेझिस्टन्स ट्रेडमिल. इंग्रजी आद्याक्षरं जोडा, आडनाव हजर!

बोनस पॉइंट. ट्रेडमिलची बातमी द्यायला सुनीताताईंपेक्षा योग्य व्यक्ती कोण? २००७ मध्ये त्यांनी अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर धावून बॉस्टन मॅरेथॉन पूर्ण केली होती!

कोळी, भुंगेरा आणि आइस्क्रीम

आता रॅपिड फायर! ॲप्टोस्टिकस स्टीफनकोल्बर्टी हे कॅलिफोर्नियातल्या एका कोळ्याचं शास्त्रीय नाव. २००८ पासून. शास्त्रज्ञांच्या कागदोपत्री मात्र टी शाबूत!

व्हेनेझुएलातल्या एका पाणभुंगेऱ्याच्या नावातही कोल्बेर आहे.

बेन अँड जेरीज कंपनीचा 'अमेरिकोन ड्रीम' हा आइस्क्रीम फ्लेवर त्याच्या नावानं आला. व्हॅनिला, कॅरमेल आणि चॉकलेटात बुडवलेले कोनाचे तुकडे. त्यातलं कोल्बेरच्या वाट्याचं उत्पन्न समाजकार्याला जातं. गोड बातमी, शब्दशः!

आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याचं चित्र लागलं. कुठे? राष्ट्राध्यक्षांच्या दालनाजवळ, दोन स्वच्छतागृहांच्या मधल्या भिंतीवर. चित्रात कोल्बेर उभा, त्याच्या मागे कोल्बेरचं चित्र, त्या चित्रातल्या कोल्बेरच्या मागे पुन्हा कोल्बेरचं चित्र! ते पाहायला इतकी गर्दी झाली की मुदत वाढवावी लागली.

डोक्यावरून केस गेले!

जून २००९. कोल्बेर आख्खा शो घेऊन बगदादला गेला, सद्दाम हुसेनच्या जुन्या राजवाड्यात, अमेरिकन सैनिकांसमोर. इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल ओडिएर्नो शेजारी बसलेले. तेवढ्यात पडद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा आले आणि त्यांनी जनरलना हुकूम दिला, याचं मुंडण करा! जनरलनी केस कापायचं यंत्र हातात घेतलं आणि सैनिकांच्या जल्लोषात केस उडवले. वरिष्ठांचा आदेश, दुसरं काय!

संसदेत मका आणि शेंगा

२४ सप्टेंबर २०१०. खासदार झोई लॉफग्रेन यांनी त्याला स्थलांतरित शेतमजुरांच्या प्रश्नावर संसदीय उपसमितीपुढे साक्षीला बोलावलं. त्याआधी तो एक दिवस न्यूयॉर्क राज्यातल्या शेतावर राबला होता. शेंगा तोडल्या, मका पेट्यांत भरला. आणि साक्ष दिली ती थेट सोंगात! काही खासदार चिडले, काही हसले.

पण शेवटी एका खासदारबाईंनी विचारलं, हाच विषय का निवडलास? तेव्हा मुखवटा अलगद उतरला. ज्यांच्या हातात कसलीच सत्ता नाही, जे इथे येऊन आपली कामं करतात आणि तरी ज्यांना हक्क नाहीत, त्यांच्यासाठी बोलावंसं वाटतं, असं त्यानं डोकं खाजवत, शब्द शोधत सांगितलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा क्षण आहे. नक्की बघा!

आता मेन कोर्स. सुपर पॅक!

२०१० मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टानं 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात निकाल दिला आणि कंपन्यांना निवडणूक प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्च करायची वाट मोकळी झाली. त्यातून 'सुपर पॅक' नावाच्या निधी संस्था उगवल्या. अट एकच, उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. विषय इतका किचकट की बातम्यांत आला की लोक चॅनेल बदलायचे.

कोल्बेरनं काय केलं? स्वतःच सुपर पॅक काढला! नाव दिलं 'अमेरिकन्स फॉर अ बेटर टुमॉरो, टुमॉरो'. म्हणजे उद्याचा दिवस चांगला, पण उद्या! वकीलही साधासुधा नाही. ट्रेव्हर पॉटर, निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष. ३० जून २०११ ला आयोगानं पाच विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. कोल्बेर इमारतीबाहेर आला, चाहत्यांची गर्दी उभीच होती, आणि तिथल्या तिथे फुटपाथवर रोख रक्कम आणि क्रेडिट कार्डं घेऊन देणग्या गोळा करायला लागला!

मग शोमध्ये टप्प्याटप्प्यानं क्लासच सुरू झाला. डेलावेअर राज्यात कागदी कंपनी कशी काढायची? देणगीदाराचं नाव गुप्त कसं ठेवायचं? पॉटर कागद पुढे करायचे, कोल्बेर सही करायचा आणि प्रत्येक सहीनंतर विचारायचा, हे कायदेशीर आहे? उत्तर यायचं, हो. प्रेक्षक हसायचे, आणि पुढच्याच क्षणी हादरायचे.

जानेवारी २०१२ पर्यंत किती जमले? १० लाख डॉलरहून जास्त! त्याच महिन्यात त्याला राष्ट्राध्यक्षपदाची चाचपणी करायची हौस आली. पण मग सुपर पॅक कसा चालवणार? सोपं! कॅमेऱ्यासमोर तो मित्र आणि विनोदवीर जॉन स्ट्युअर्टच्या ताब्यात दिला. स्ट्युअर्टनं त्याचं नवं नाव ठेवलं, त्याचा अर्थ असा, 'स्टीफन कोल्बेरशी मुळीच संगनमत नसलेला सुपर पॅक'. नियमाचा शब्द पाळला आणि नियमाचं पितळ उघडं पाडलं. टाळ्या!

मस्करी संपली, पैसा कुठे गेला? उरलेले सुमारे पावणेआठ लाख डॉलर सँडी वादळग्रस्तांसाठी काम करणाऱ्या आणि इतर सेवाभावी संस्थांना गेले. या मोहिमेला प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कारही मिळाला.

आणि आता सर्वोत्तम निष्कर्ष! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सांगितलं, की निवडणूक निधीच्या नियमांविषयी कोल्बेरच्या प्रेक्षकांना बड्या न्यूज चॅनेलांच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त समजलं होतं. हसवणूक नव्हे, शिकवणूक!

उमेदवारी? सॉरी सर!

माहीत आहे का? २००७ मध्येही त्यानं साउथ कॅरोलिनातून राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायची घोषणा केली होती. रिपब्लिकनांची अर्ज फी ३५,००० डॉलर, डेमोक्रॅट्सची २,५००. त्यानं स्वस्तातलं तिकीट काढलं! पण पक्षाच्या कार्यकारिणीनं १३ विरुद्ध ३ मतांनी अर्ज फेटाळला आणि फी परत केली. फेसबुकवरच्या त्याच्या समर्थक ग्रुपनं मात्र पंधरवडा भरायच्या आत १० लाख सदस्यांचा टप्पा ओलांडला.

नक्कल खरी वाटली!

थोडं थांबून हा मुद्दा वाचा. २००९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३२ जणांना कोल्बेरची क्लिप दाखवली. तो विनोदी आहे, यावर उदारमतवादी आणि परंपरावादी दोघेही सहमत. पण अनेक परंपरावाद्यांना वाटलं की तो चेष्टेचं नुसतं नाटक करतोय, मनातून तो त्यांच्याच बाजूचा आहे! एकच आरसा, ज्याला त्याला आपलाच चेहरा. उपहासाची ताकद आणि मर्यादा, दोन्ही या एका प्रयोगात सापडतात.

मुंबई कनेक्शन!

कोल्बेर घडला तो बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या 'द डेली शो'मध्ये, १९९७ पासून. त्याच शोचा आणखी एक हुकमी खेळाडू म्हणजे आसिफ मांडवी. जन्म मुंबईचा, १९६६ चा! लहानपणीच कुटुंब इंग्लंडला गेलं. २०१३ मध्ये त्यानं नॉर्थ कॅरोलिनातल्या एका रिपब्लिकन पदाधिकाऱ्याची मतदार ओळखपत्र कायद्यावर मुलाखत घेतली. गृहस्थ कॅमेऱ्यासमोर वंशभेदी बोलत सुटले. मांडवी फक्त थक्क होऊन ऐकत राहिला. मुलाखत प्रसारित झाली आणि पदाधिकाऱ्याचं पद गेलं. आरडाओरडा नाही, फक्त ऐकण्याचं टायमिंग!

मास्तरांना सलाम

मे २०१५. साउथ कॅरोलिनातल्या शिक्षकांनी 'डोनर्सचूज' या संकेतस्थळावर वर्गासाठी पुस्तकं, साहित्य मागितलं होतं. जवळपास १,००० मागण्या. कोल्बेरनं एका झटक्यात सगळ्या पूर्ण करायची सोय केली. रक्कम ८ लाख डॉलर. जुन्या शोच्या सेटचा लिलाव झाला, त्याचे पैसे यात घातले आणि बाकीची भर इतर दात्यांनी घातली. शो संपला, सेट कामी आला!

लेट, पण थेट

सप्टेंबर २०१५ मध्ये तो सीबीएस चॅनेलवर 'द लेट शो'चा सूत्रधार झाला. तिथे सोंग नव्हतं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मतांनी. जुलै २०२५ मध्ये त्यानं सीबीएसच्या मालक कंपनीवर, पॅरामाउंटवर, भर शोमध्ये टीका केली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी एका खटल्यात कंपनीनं १.६ कोटी डॉलरची तडजोड केली होती, त्यावरून. तीनच दिवसांनी बातमी बाहेर आली, की मे २०२६ मध्ये हा शो कायमचा बंद होणार. कंपनी म्हणाली, कारण निव्वळ आर्थिक. अनेक लोकप्रतिनिधींनी आणि विनोदवीरांनी वेळेवरून जाहीर शंका घेतली. आणि सप्टेंबरमध्ये त्याच शोला एमी पुरस्कार मिळाला!

मग यातून घ्यायचं काय?

मंडळी, कोल्बेरचं खरं यश व्यवस्थेला लांबून खडे मारण्यात नाही. तो आत शिरला. फॉर्म भरला, फी भरली, नियम वाचला, सही केली आणि नियमातलं भगदाड त्याच नियमानं सगळ्यांना दाखवलं. त्याच्या विनोदामागे अभ्यास असतो, म्हणून तो टिकतो आणि बोचतोही.

तेव्हा पुढच्या वेळी राजकारणावरची खुसखुशीत क्लिप फोनवर आली, की मनसोक्त हसा, मित्रांना पाठवा, आणि मग पाच मिनिटं काढून त्यातला एक नियम किंवा एक आकडा स्वतः तपासा. विनोदवीर आपलं काम करतोय. नागरिकाचं काम आपल्यालाच करायचं आहे!